भिंतीत गेलेले दात

पिंपळे गुरवातलं ते घर बघायला गेलो, तेव्हा मालकांनी माझ्या मुलाला कंपनी कोणती विचारलं नाही, जात विचारली नाही, मटण शिजवता का तेही विचारलं नाही. ते थेट माझ्या नातीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आ कर."

ओवी तेव्हा सहा वर्षांची. अनोळखी माणसानं काही सांगितलं की ती बरोबर त्याच्या उलट करायची. पण या माणसासमोर तिनं मुकाट्यानं आ केला. मालकांनी खिशातून पेनाएवढी बारीक बॅटरी काढली, आत उजेड पाडला आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च च्च' केलं.

"म्होरलं वरचं चार काळं. बाटलीतलं दूध पीत व्हती का ही?"

"हो," माझी सून दीपाली म्हणाली.

"साखर घालून?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं. खिडकी चांगली होती, हवेशीर.

"हे दुधाचं हायेत, पडत्याल," मालक गुडघ्यावर हात देऊन उठले. "पर मागं पक्की दाढ येतीया. ती गेली की जल्माची गेली. घर देतो तुमाला. अकरा म्हैन्यांनी करार नवा करायचा, तवा म्या परत बघनार. पक्की दाढ काळी आसंल तर घर सोडायचं."

माझा मुलगा हसला आणि म्हणाला, "चालतंय की काका." जिना उतरताना आम्हाला म्हणाला, "म्हातारा विनोदी आहे."

सामान लावून होतंय तोवर तळमजल्यावरची शबाना चहा घेऊन आली. तिच्या नवऱ्याचं कासारवाडीला गॅरेज, मुलगा अयान ओवीच्याच वर्गात पडणार होता. मी तिला हसत हसत अट सांगितली. ती हसली नाही.

"आजी, मजाक नाही करत ते. आमच्या खोलीत आधी जे होते ना, त्यांचा पोरगा सारखा क्रीमची बिस्किटं खायचा. त्यांना सच्ची घर बदलायला लावलं."

"बाहेर काढलं?"

"काढलं ना. पण पुढच्या गल्लीत घर पण यांनीच शोधून दिलं, आणि त्यांची पलंग-गादी स्वतः डोक्यावर वाहून नेली. म्हणाले, माणसं चांगली हायेत, पण माझ्या घरात पोराचे दात पडताना मला बघवत नाही."

माझ्या हातातला चहा गार झाला. त्याचं कारण सांगते.

मी लातूरकडची. मुलगा आणि सून दोघं चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी. कंपनीची बस या घराच्या कोपऱ्यावर थांबते आणि ओवीची शाळा व्हॅननं दहा मिनिटं, म्हणून हे घर. घर गेलं तर चाकणलाच कंपनीजवळ एक खोली बघायची, ओवीला शाळा सुटल्यावर पाळणाघरात ठेवायचं आणि 'आई, तुम्ही थोडे दिवस गावाकडं', असं दोघांचं हळू आवाजात बोलणं झालेलं मी ऐकलं होतं. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. गावाकडं कुलूप लावलेलं घर, आणि शेजारीण तीही मुलाकडं गेलेली. तिथं मी कुणाला आ कर म्हणणार होते?

ओवीचा डबा माझ्याकडं होता. म्हणजे बघा, माझं नातीजवळ राहणं एका दाढेवर आलं होतं आणि ती दाढ अजून हिरडीतून पुरती वर आली नव्हती.

आता मालक म्हणताना मला आधी फार अवघड व्हायचं. आमच्याकडं जुन्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात. पहिल्या दिवशी मी खाली हाक मारली, "मालक, पाणी नाही आलं हो!" आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी गॅलरीत येऊन उभ्याच राहिल्या. पण तिथं सगळेच त्यांना मालक म्हणायचे. पोरं तेवढी कवळीआजोबा म्हणायची.

कारण मालकांच्या तोंडात एकही स्वतःचा दात नव्हता. वरची कवळी, खालची कवळी. अंगात पांढरा हाफ शर्ट, खाली पट्ट्यांचा लेंगा आणि पायांत कंपनीतले जुने, पुढं लोखंड असलेले सेफ्टी बूट. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झालेली, पण बूट सोडले नव्हते. सकाळी पावणेसातला फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर स्टीलची वाटी, शेजारी पाण्याचा तांब्या. व्हॅन यायच्या आधी बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराचा डबा त्यांच्यापुढं उघडायचा. नोकरीवर जाणारे आईबाप करवादायचे, "मालक, बस चुकंल!" ते म्हणायचे, "बस दुसरी येती. दाढ येती का?"

माझा पहिला डबा मी मोठ्या तोऱ्यात नेला. माझ्या हातच्या गूळपोळीचं नाव आहे, गावाकडं लग्नकार्यात लोक सांगून करून घ्यायचे. साखर वाईट हे मलाही माहीत होतं, पण गूळ म्हणजे औषध, अशी माझी ठाम समजूत. मी फाटकाशी डबा उघडला आणि स्तुतीसाठी थांबले.

मालकांनी पोळीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "लई झ्याक," म्हणाले. मी पदर सावरला. मग त्यांनी तोंडात बोटं घालून खालची कवळी काढली, वाटीत ठेवली, तांब्यातलं पाणी वरून सोडलं आणि वाटी माझ्या नाकासमोर धरली. गूळ कवळीच्या खाचाखाचांत डांबरासारखा बसलेला होता.

कवळी काढली की त्यांचं बोलणं हवा गेलेल्या टायरसारखं व्हायचं. "बघा आक्का. पानी घातलं तरी हाय का न्हाई? ही तर माझी कवळी, रातच्याला धुऊन ठेवीन. पोरीची दाढ कुठं काढून धुनार तुमी?"

सकाळी सकाळी ते दृश्य बघून मी डब्याचं झाकण लावून टाकलं. ओवीला मात्र जत्रेत आल्यासारखं झालं. "आजोबा, परत दाखवा ना!"

हीच त्यांची परीक्षा. कुठलाही पदार्थ आला की आधी चावायचा, मग कवळी वाटीत, मग पाणी. जे धुऊन गेलं ते पास, जे चिकटून राहिलं ते नापास. बिस्किटं नापास. वेफर्स नापास. वेफर्स तिखट असतात, गोड नाहीत, असा वाद अयाननं घातला, तर मालकांनी वाटीत बटाट्याचा लगदा दाखवला आणि म्हणाले, "ह्यो दिवसभर दाढंत बसतोय आन् आतल्या आत गोड व्हतोय, राजा." चिक्की, मनुका, खजूर, सगळ्या माझ्या लाडक्या पौष्टिक वस्तू एकापाठोपाठ एक नापास झाल्या. मी एकदा चिडून म्हणाले, "मग लेकरानं खावं तरी काय, हवा?" ते म्हणाले, "काकडी खावी. खारं शेंगदानं खावं. पनीर, दही, अंडं, फुटानं. आन् गोड खायचंच आसंल तर जेवनाबरुबर एकदाच खाऊन मोकळं व्हावं. गोडानं न्हाई इतकं वाटोळं व्हत, थोडं थोडं दिवसभर खाल्ल्यानं व्हतं."

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं, ते मी एकदा विचारलं. त्यांनी खुर्चीमागच्या भिंतीवर थाप मारली.

"ही बिल्डिंग कशावर हुबी हाय, ठावं हाय? ओव्हरटाइमवर. आन् ओव्हरटाइम कशावर? कंपनी ओव्हरटाइमला बिस्किटाचा पुडा द्यायची आन् गोड च्या. म्या पुडा खिशात ठिवायचो, मशिनीवर हुबं ऱ्हाऊन एक एक चघळायचो. झोप येत न्हाई त्यानं. पहिला मजला झाला तवा दाढा गेल्या. दुसरा झाला तवा म्होरलं गेलं. माझं दात या भिंतीत हायेत, आक्का. खिळा ठोकताना जरा बेतानं ठोकत जा."

त्यानंतर देवाच्या फोटोसाठी खिळा ठोकायला माझा हातच होईना. फोटो बरेच दिवस फ्रिजवर उभा होता.

माणसांची नावं त्यांना कधीच लक्षात राहिली नाहीत. भाडेकरूंना ते त्यांच्या पोरांच्या दातांवरून ओळखायचे. शबानाचं घर म्हणजे 'सरळ दात', कारण अयानचे दात खरंच मोत्यासारखे होते. वरच्या मजल्यावरचे एक इंजिनिअर, एवढा मोठा माणूस, तो 'किडकी दाढ'. आणि आम्ही 'चार काळे'. खालून हाक यायची, "आवो चार काळे, मोटार चालू केलीया, पानी भरा!" माझी सून कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचा माल रिजेक्ट करून घरी यायची आणि दारातच हे ऐकायची. तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, पण बघायची माझी हिंमत नसायची. बाटलीत साखर कुणी घातली होती, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटात राहायला आलोय. इथं गेटवर दोन वॉचमन आहेत, निळा गणवेश, शिट्टी. ते गाडीचा स्टिकर बघतात आणि सलाम करतात. लेकरं डब्यात काय घेऊन जातात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. लोकांना हे फार सुधारलेलं वाटतं.

तर त्या अकरा महिन्यांत मी जे उद्योग केले ते ऐका. मोबाईलवर एक बाई गाजराची फुलं कापताना बघितली. तिच्यासारखी फुलं करायला गेले आणि डब्यात गाजराबरोबर माझ्या बोटाची चिकटपट्टीसुद्धा गेली. सकाळी भरलेली काकडी मधल्या सुट्टीपर्यंत पाण्यात पोहायला लागायची आणि शेजारची पोळी तिच्यात बुडायची. पनीर उन्हाच्या दिवसांत आंबलं. उकडलेली अंडी दिली त्या दिवशी व्हॅनवाल्या दादांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दुपारी मला हात जोडून म्हणाले, "आजी, अंडं द्या, पण पोरीला पायी पाठवा." मालकांनी या सगळ्याला पहिल्या वर्गात पास केलं होतं. कवळी धुऊन स्वच्छ निघायची ना! वासाची परीक्षा त्यांच्याकडं नव्हती.

डबा मात्र भरलेलाच घरी यायचा.

एक दिवस ओवीनं दप्तर टाकलं आणि रडायलाच लागली. "आजी, माझ्या डब्यातलं कुणीच मागत नाही. सगळे सगळ्यांना मागतात. मला फक्त 'शी, कच्चं' म्हणतात."

हे मला लागलं हो. लेकरू उपाशी राहतं याहून लागलं, खोटं कशाला बोलू? उभा जन्म माझ्या हातचं लोक मागून मागून खात आले, आणि इथं पहिलीतली पोरं माझ्या डब्याला शी म्हणत होती.

मी फाटकाशी गेले आणि मालकांना सुनावलं. "तुमच्या कवळीला चव कळत नाही. उद्यापासून मी करते तेच जाईल."

"काय करताय?"

"ते उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी मी धपाटे केले, आमच्याकडचे, ज्वारीचे. पण नेहमीच्या भाकरीएवढे नाहीत, डब्याच्या झाकणानं कापून छोटे छोटे गोल, दोन्हीकडून खमंग. मधे घट्ट टांगलेल्या दह्यात लसूण आणि शेंगदाण्याचं कूट कालवून भरलं. काकडी वेगळ्या डबीत, न चिरता, बोटाएवढी कोवळी. मालकांनी एक धपाटा उचलला. चावला. आणखी एक उचलला. मग तिसरा.

"आवो मालक, लेकराचा डबा आहे!"

"परीक्षा हाय," ते तोंड भरून म्हणाले. कवळी काढायचंच विसरले. मी आठवण केली तेव्हा वाटीत धुतली, थोडं पीठ राहिलेलं दिसलं, त्यांनी जरा जास्त पाणी ओतलं आणि ते गेलं. "पास. पर खाल्ल्यावर चूळ भरायची. चांगली खळखळून, दोनदा. तू बी रं अयान."

त्या दुपारी ओवी जिन्यातूनच ओरडत आली, "आजी, उद्या जास्त दे! चौघी मागतात!" मी त्या दिवशी शबानाला दोनदा, सुनेला तीनदा आणि भाजीवाल्यालाही हे सांगितलं.

पण ती चूळ आम्हाला भोवली. ओवी आणि अयान मधल्या सुट्टीत डबा खाऊन वर्गाच्या खिडकीतून खळखळून चूळ टाकू लागले. ते बघून बाकीची पोरं टाकू लागली. मग कुणाची लांब जाते, अशी स्पर्धा लागली. खिडकीखाली नेमकी शाळेच्या मोठ्या मॅडमांची स्कूटी लागलेली असायची.

शाळेतून फोन आला. मुलगा-सून दोघं शिफ्टला, म्हणून मी निघाले. फाटकाशी मालकांनी विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. ते उठलेच. "चला. चूळ माझी हाय." मी नको नको म्हणते तोवर रिक्षात बसलेसुद्धा, लेंगा, सेफ्टी बूट आणि वाटी घेऊन.

मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. "आजी, मुलांना चांगल्या सवयी लावायला आमची ना नाही, पण स्वच्छतेचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत मालकांनी उघडलं. दोन्ही कवळ्या काढल्या आणि मॅडमांच्या टेबलावर, पेनांच्या भांड्याशेजारी, मांडून ठेवल्या.

मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या. "हे काय आहे?"

"माझं श्याळंतलं, कंपनीतलं समदं खानं हाय," मालक टायरच्या आवाजात म्हणाले. "तुमच्या वर्गात पोरं किती? त्यातल्या किती पोरांच्या तोंडात असलं घालायचं, ते सांगा. म्या जातो मंग."

"काका, ते आधी उचला, प्लीज."

"उचलतो. आदी पोरांना चूळ भराया नळ द्या."

मी भिंतीवरच्या नेत्यांच्या फोटोंकडं बघत उभी होते आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मनात म्हणत होते. मॅडमांच्या पुढं बशीत क्रीमची बिस्किटं होती. मालकांची नजर त्यांच्यावर गेली. मॅडमांनी बशी हळूच खणात सरकवली. मग त्या एकदम हसायला लागल्या. पुढच्या आठवड्यापासून डबा झाल्यावर वर्गावर्गाची नळाशी रांग लागायला लागली. त्या दिवशी परत येताना मालक मात्र रिक्षात वाटी उलटीसुलटी करत बसले होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "आक्का, म्या लई बोललो का वो?" मी म्हणाले, "तुम्ही नाही, तुमचे दात बोलले." त्यांना ते इतकं आवडलं की महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, माझं नाव न घेता, स्वतःचं म्हणून.

दिवस गेले. ओवीचे काळे दात एक एक करून पडले, नवे पांढरे, कडेला करवतीसारखे दिसणारे आले. मागची दाढ पुरती वर आली. मी रोज रात्री तिला दिव्याखाली धरून दाढ बघायची. लोक शेअरचे भाव बघतात तशी. चारी बाजूंनी पांढरीशुभ्र. मला आत्मविश्वास आला. मी खिळासुद्धा ठोकला, बेतानं.

आणि करार संपायला आला, मालक संध्याकाळी तपासणीला येणार, त्याच सकाळी ओवीला दात घासताना मला खालच्या डाव्या दाढेवर, अगदी मधोमध, एक काळा ठिपका दिसला.

मी ब्रशनं घासलं. बोटानं घासलं. पदराचं टोक ओलं करून घासलं. "आजी, दुखतंय," ओवी म्हणाली तेव्हा थांबले. मोहरीएवढाच होता. पण मोहरी काळीच असते ना. मुलगा-सून पहाटेच पहिल्या शिफ्टला गेलेले. ओवी शाळेत गेल्यावर दुपारपर्यंत मी एकटी घरात फिरत होते. गावाकडच्या घराची किल्ली कुठं ठेवली, ते दोनदा बघून आले. दुपारी दोघं आल्यावर दीपालीला सांगितलं. वाटलं होतं ती रागावेल. तिनं ओवीचं तोंड धरून बघितलं आणि म्हणाली, "आई, एवढं सगळं केलंत तुम्ही. आता काय करणार." त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

मुलगा म्हणाला, "अरे, माणूस एवढ्यावरून घर काढून घेतो का?" पण त्याचाही आवाज कमी झाला होता.

संध्याकाळी मालक आले. बूट दारात काढले. ओवीसमोर उकिडवे बसले. तिनं सवयीनं आ केला. मालकांनी बॅटरी लावली. उजेड एवढा लख्ख की ओवीचा गाल बाहेरून गुलाबी दिसत होता. त्यांनी उजवीकडं बघितलं, वर बघितलं, मग डावीकडं खाली. तिथं थांबले.

खूप वेळ थांबले. नेहमीचं च्च च्च नाही, काही नाही. मालक शब्दाचे किती पक्के, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. अट त्यांनी चौघांसमोर घातली होती आणि ती मोडायची म्हणजे तळमजल्यावरच्या त्या माणसांची पलंग-गादी उगाच वाहिल्यासारखं झालं असतं.

"बॅटरी गेली," मालक म्हणाले.

बॅटरी त्यांच्या हातात ढणढणा जळत होती.

"दिसंना झालं काई. उद्याच्याला करारवाला यायच्या आदी बघतो." ते उठले, बूट घालताना बुटांकडं बघून म्हणाले, "चौकातला दातांचा दवाखाना आठ वाजंस्तवर उघडा आसतोय. आज गर्दी बी नसती." आणि जिना उतरून गेले.

"काका विसरायला लागलेत," माझा मुलगा म्हणाला. "चालूच होती की बॅटरी." इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत माझा मुलगा सुपरवायझर आहे. दीपालीनं त्याच्याकडं बघितलं. मी तोवर चपला घातल्या होत्या.

दवाखान्यात पोचलो तर बाकावर मालक आधीच बसलेले. "आपलं सहज," म्हणाले. दोन्ही हात मांडीवर घट्ट, ओठ मिटलेले. आतून मशीनचा घर्र आवाज आला तसे उठून रस्त्यावर गेले. ओवी माझा हात सोडून त्यांच्यामागं गेली आणि त्यांना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला नाही करायचंय, मला करायचंय." तरी ते आत आले नाहीत.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "नुकतीच सुरुवात आहे. या मुलीच्या दाढेच्या खाचा जन्मतःच खोल आहेत, ब्रश आत पोचत नाही. डब्याला काय नेते?"

मी सांगितलं. धपाटे, दही, काकडी, शेंगदाणे, चूळ, नळाची रांग, सगळं. बोलायची संधी मी सहसा सोडत नाही.

"मग त्या डब्यामुळंच एवढ्यावर निभावलं. आणि शाळेतून घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर," मी म्हणाले, "अभ्यासाची एक ओळ झाली की राजगिऱ्याच्या लाडवाचा एक तुकडा देते. बारीकसा. उत्तेजन म्हणून."

दीपालीनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकी शोधली. तिथं खिडकी नव्हती, भिंतीवर एक भलीमोठी हसणारी दाढ चिकटवलेली होती.

डॉक्टरांनी ठिपका कोरून दाढ पांढऱ्या सिमेंटसारख्या कशानं तरी भरली आणि बाकीच्या तिन्ही दाढांच्या खाचाही बुजवून टाकल्या. ओवी रडली नाही. बाहेर आल्यावर मालकांनी तिला विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." मग त्यांनी कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी करारवाला आला, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. मालकांनी त्याला थांबवलं, ओवीपुढं बसले. बॅटरी लागली, झकास.

"काळी न्हाई," ते जाहीर म्हणाले.

"काका, ती कालच आम्ही..." माझ्या प्रामाणिक मुलानं सुरुवात केली. दीपालीनं त्याचा पाय दाबला.

"म्या आजची दाढ बघितली. आजची पांढरी हाय. लाव रं अंगठा."

मुलानं लावला, मालकांनी लावला. करारवाला म्हणाला, "साक्षीदार दोन लागतील. एक माझा माणूस आहे. दुसरा?"

"ह्या आक्का."

"घरातल्याच? शेजारचं कुणी बघा ना."

"ह्यांनी समदं बघितलंय," मालक म्हणाले. "ह्यांच्यापरीस पक्की साक्ष कोन देनार?"

करारवाल्यानं माझं आधार कार्ड घेतलं, माझा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र घेईना. भांडी घासून, पिठं मळून माझ्या बोटांच्या रेघा पुसून गेल्यात. "जोरात दाबा आजी," तो म्हणाला. मालक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दाबा आक्का. आन् म्होरं कुनी इचारलं, काल तपासनी का न्हाई झाली म्हनून, तर काय सांगायचं?"

मुलगा बघत होता, सून बघत होती. ओवीनं मघाशी आ केला होता, तो मिटायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी अंगठा रोवला आणि घरात कुणी कधी ऐकला नसेल इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाले, "बॅटरी गेली होती. पार गेली होती."